पदवी वाणिज्याची, बेरीज कॅल्क्युलेटरवर

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मुलांना संगणक शिकवला जातो, हे विधान खोटं आहे. शिकवली जाते ती संगणकाबद्दलची माहिती, तीही शिळी, आणि पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवण्यापुरती. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. ‘कॉम्प्युटर कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स’ हा विषय इथल्या कॉमर्सच्या किती तरी तुकड्यांच्या गुणपत्रिकेवर छापला गेला. आता नव्या शैक्षणिक धोरणात विषयांची नावं बदलली, श्रेयांक आले, ‘कौशल्य’ हा शब्द पानोपानी आला. पण मुलांच्या वह्या उघडा. संगणकाच्या पाच पिढ्या, इनपुट-आउटपुट उपकरणांची यादी आणि रॅम-रॉममधला फरक त्यात अजून ठाण मांडून आहेत.

मी नाशकात हिशेबाचं आणि कराच्या कामांचं ऑफिस चालवतो. हा विषय पास होऊन बाहेर पडलेली मुलं माझ्याकडे नोकरी मागायला येतात. त्यांना काय येत नाही हे मला समोर बसून दिसतं. दोष त्यांचा नाही. ज्यांचा आहे, त्यांना तो सुनावण्याची वेळ झाली आहे.

मुलाखतीत मी उमेदवारापुढे एक फाइल उघडतो. कांद्याच्या एका व्यापाऱ्याची आठवड्याची खरेदी: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, दर, हमाली, तोलाई. दीडशेच्या आसपास ओळी. काम एवढंच, की गावनिहाय एकूण वजन आणि सरासरी दर काढायचा. निफाड तालुक्यातून आलेली एक मुलगी या फाइलसमोर बसली. बी.कॉम., पहिला वर्ग, संगणकाच्या पेपरला उत्तम गुण. तिने पर्समधून मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला, पडद्यावरचा एकेक आकडा त्यात टाकून बेरीज केली आणि आलेलं उत्तर एक्सेलच्या शेवटच्या चौकटीत टाइप केलं. मग सरासरी दरासाठी सगळे दर मिळवून त्यांना ओळींच्या संख्येने भागलं.

दोन्ही चुका नीट बघा. पहिली चूक यंत्राची ओळख नसल्याची आहे, ती चार दिवसांत दुरुस्त होते. दुसरी वाणिज्याची आहे. दोन क्विंटल कांदा तीन हजाराने आणि चाळीस क्विंटल बाराशेने घेतला, तर सरासरी दर एकवीसशे नाही, 1,286 रुपयांच्या आसपास आहे. एकवीसशे धरून पुढचा भाव ठरवणारा व्यापारी आठवड्यात बुडेल. त्याच फाइलमध्ये ‘लासलगाव’ एका ठिकाणी अनुस्वाराशिवाय, दुसऱ्या ठिकाणी ‘लासलगांव’ आणि तिसऱ्या ठिकाणी इंग्रजीत लिहिलेलं होतं. माणसाला ते एकच गाव दिसतं, संगणक तीन गावं मोजतो. हे तिच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण तीन वर्षांत तिच्यापुढे अशी फाइल कुणी ठेवलीच नव्हती. तिला मिळाली होती ती स्वच्छ, दहा ओळींची, पुस्तकातली गुणपत्रिका: पाच विषय, एकूण गुण, टक्केवारी. तीच प्रत्येक तुकडीला, वर्षानुवर्षं.

आणि ‘प्रात्यक्षिक’? त्याचं जर्नल असतं. पडद्याचे फोटो छापून चिकटवायचे, शेजारी ‘स्टार्टवर क्लिक करा, मग फाइल मेनूत जा’ असं हाताने लिहायचं, सर्टिफिकेटच्या पानावर सही घ्यायची. मुलं सांगतात, की मागच्या वर्षीच्या सीनियरचं जर्नल झेरॉक्सच्या दुकानात मिळतं, नाव बदललं की झालं. ज्या विषयात नक्कल करून पूर्ण गुण मिळतात, त्या विषयात शिकवण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, हे अभ्यास मंडळाला कळत नसेल तर त्यांनी खुर्च्या सोडाव्यात. कळत असेल, तर त्यांचा गुन्हा जास्त मोठा आहे.

याची किंमत कोण मोजतं तेही सांगतो. सुरगाणा, पेठ, येवला, सिन्नरहून नाशकात येऊन खोली घेऊन राहणारं पोर कॉलेजला संगणकाचं शुल्क भरतं. मग सरकारी नोकरीचा अर्ज करायचा तर एमएस-सीआयटी लागते म्हणून त्याचे वेगळे पैसे. 2001 पासून हा कोर्स महाराष्ट्रात चालू आहे आणि त्याचा बराचसा भाग कॉलेजच्या अभ्यासक्रमाशी जुळतो. मग कुणीतरी सांगतं की नोकरीला टॅली लागतं, म्हणून कॉलेज रोडवर किंवा सीबीएस स्टँडजवळ क्लास. एकाच गोष्टीसाठी बाप तीनदा पैसे मोजतो आणि तिसऱ्या वेळेला पोराला थोडंफार येऊ लागतं. पहिल्यांदा घेतलेले पैसे कशाचे होते, हे संस्थाचालकांना एकदा पालकांसमोर उभं राहून सांगावं लागलं पाहिजे.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या गोष्टीची, की आकड्यांची ही चौकट, म्हणजे स्प्रेडशीट, जन्मलीच मुळी वाणिज्याच्या वर्गात. 1978 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसला होता. फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडलेला असायचा. त्यातला एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. त्या मुलाला वाटलं, एक आकडा बदलल्यावर बाकीचे आपोआप बदलले पाहिजेत. पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साथीने व्हिसिकॅल्क बाजारात आणलं. लोटस आणि एक्सेल त्याच वाटेने आले. बिझनेस स्कूलमधल्या विद्यार्थ्याला पडलेल्या प्रश्नातून हे साधन निघालं. आमच्याकडे त्याच वाणिज्याच्या वर्गात ‘स्प्रेडशीटची व्याख्या लिहा’ हा दोन गुणांचा प्रश्न झाला.

दुसरं उदाहरण याहून जवळचं आहे, कारण त्यात एक विद्यार्थी वर्गातला गृहपाठ करत होता. कारमेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा देशांच्या कर्जाबद्दलचा निबंध 2010 मध्ये आला आणि सरकारी खर्चात काटकसर करा म्हणणाऱ्यांनी जगभर त्याचा आधार घेतला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडनने गृहपाठ म्हणून त्यांचे आकडे पुन्हा मांडून बघितले. उत्तर जुळेना. त्याने त्यांच्याकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीचं सूत्र 49 व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते 44 व्या ओळीवर थांबलं होतं. पाच देश हिशेबाबाहेर राहिले होते. मांडणीवर त्याचे आणखीही आक्षेप होते, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. एका विद्यार्थ्याने हे केलं, कारण त्याला सूत्र उघडून बघायची सवय लावलेली होती. आमच्या मुलाला चौकटीतला आकडा दिसतो. त्यामागे सूत्र आहे की कुणी हाताने टाइप केलेला आकडा, हे बघायचं असतं, हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

नाशिकच्या धंद्याला काय लागतं ते मी सांगतो, म्हणजे ‘उद्योगांची गरज’ या नावाखाली परिषदा भरवण्याचा खर्च वाचेल. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आहे. सातपूर किंवा अंबडच्या छोट्या कारखान्याला महिन्याकाठी शे-दोनशे खरेदीची बिलं येतात. ती जीएसटीच्या 2बी या विवरणाशी ताडून बघावी लागतात. पुरवठादाराचं बिल तिथे दिसलं नाही, तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, खिशातून पैसे जातात. आपल्या वहीत बिल क्रमांक ‘ए/045’ असतो, तिकडे ‘ए-45’. ही दोन बिलं एकच आहेत हे ओळखून यादी जुळवता येणं, हे आजच्या हिशेबनिसाचं रोजचं काम आहे. व्हीलुकअप, सम-इफ, पिव्हट टेबल आणि मजकूर साफ करायची चार सूत्रं एवढ्यात ते भागतं. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो आणि मधली दहा अक्षरं पॅनची असतात. एवढं माहीत असलं तरी निम्मे चुकीचे क्रमांक नजरेनेच पकडता येतात.

पगाराची यादी घ्या. काही बँकांचे खातेक्रमांक 16 अंकी असतात. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले 15 अंकच धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी मुकाट्याने शून्य बसतो. खातेक्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर सुरुवातीचा शून्य गळून पडतो. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घेतला की दोन्ही टळतं. शिकवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न मिळाल्यामुळे कामगारांचे पगार परत येतात आणि महिन्याच्या सात तारखेला एखाद्या घरात किराणा भरला जात नाही.

युरोपला जाणारी आमची द्राक्षं घ्या. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर बागेची नोंद, कीटकनाशकांच्या अंश तपासणीचा अहवाल, पॅकहाउसचा तपशील असल्याशिवाय पेटी हलत नाही. दिंडोरी-निफाडच्या घराघरात ही नोंदवहीची शिस्त पोचली आहे. त्याच घरातलं पोर नाशकात येऊन ‘डेटा म्हणजे काय’ याचं उत्तर पाठ करतं.

यावर ठरलेली उत्तरं येतात. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, आम्ही काय करणार? विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर कॉलेजांचेच प्राध्यापक बसतात. शिक्षक नाहीत? शिक्षक आहेत, पण तुम्ही त्यांना तासिका तत्त्वावर राबवता. मोबदला तासाचा, तोही महिनोन्महिने उशिरा, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची शाश्वती नाही. असा माणूस नव्या फाइली कशासाठी तयार करेल? यंत्रं अपुरी आहेत? मग दरवर्षी घेतलेलं संगणक शुल्क गेलं कुठे, त्याचा हिशेब फलकावर लावा. मुलांकडे एक्सेल नाही? लिब्रे ऑफिस फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालतं, मराठीतही आहे. परवान्याच्या पैशाची अडचण सांगणाऱ्याने ते एकदा बसवून बघितलेलं नसतं.

सगळ्यात नवं उत्तर म्हणजे, आता एआय सगळं करेल, एक्सेल शिकून काय करायचं? हे बोलणाऱ्यांनी कधी विवरणपत्रावर सही केलेली नसते. यंत्राने सेकंदात दिलेला ताळा बरोबर आहे की चूक, हे ओळखणारा माणूस उद्या आजच्यापेक्षा जास्त लागेल. एकवीसशे आणि बाराशे शहाऐंशी यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात एआय दिला तर तो चुकीचं उत्तर अधिक वेगाने पुढे पाठवेल. नोटीस आली की ती मालकाच्या नावाने येते, एआयच्या नावाने नाही.

लोक कशावर भांडतात तेही बघा. 2024 मध्ये बीबीए-बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या छताखाली आले, राज्याने त्यांच्यासाठी सीईटी घेतली. त्यावर किती गदारोळ झाला! प्रवेश कसे होणार, जागा रिकाम्या राहिल्या तर काय, अभ्यासक्रमाचं नाव बदलून सुटका होते का, यावर बैठका झाल्या. आत काय शिकवतो, यावर एकही आवाज चढल्याचं मी ऐकलं नाही.

उपाय अवघड नाहीत. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला 60 तास मिळतात, ते पुरेसे आहेत. या विषयाचा लेखी पेपर बंद करा. जर्नल बंद करा. परीक्षा यंत्रावर घ्या, प्रत्येक मुलाला वेगळी आणि मुद्दाम बिघडवलेली फाइल द्या, इंटरनेट तोडा आणि शेवटी तोंडी एकच प्रश्न विचारा: ही बेरीज बरोबर कशावरून? फाइलींसाठी लांब जायला नको. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांची रोजची आवक, किमान-कमाल-सरासरी भाव जाहीर होतात. एक वर्षाचे भाव मुलांकडून मांडून घ्या, आलेख काढायला लावा, पाऊस आणि निर्यातीच्या निर्णयांशी ताडून बघायला सांगा. युनिकोड मराठी टायपिंग सक्तीचं करा, कारण इथली निम्मी बिलं आणि सगळी गावं मराठीत आहेत. शिकवायला गावातले हिशेबनीस, करसल्लागार बोलवा. पैसे न घेता येणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला एक आहे.

आणि पालकांनो, प्रवेशाच्या वेळी इमारत, कॅन्टीन आणि प्लेसमेंटचे फलक बघू नका. संगणक कक्षात जा. एका यंत्रावर किती मुलं बसतात, ते मोजा. मागच्या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षेची फाइल दाखवा म्हणा. दाखवता येत नसेल, तर त्या विषयाचं शुल्क भरायला नकार द्या आणि तो लेखी द्या.