शिबिराला पाठवण्यापूर्वी

वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या श्रीवर्धनसारख्या गावातूनही काही मुले उन्हाळी शिबिराला निघतात. काही शिबिरे साहसाची, काही संस्कारवर्गाची, तर काही चर्चची किंवा ख्रिस्ती संस्थांची असतात. मुंबईचा मामा नाहीतर पुण्याची आत्या पत्रक पाठवते. 'मिशनची माणसे आहेत, शिस्त चांगली असते, इंग्रजीही सुधारेल,' एवढ्या भरवशावर नाव नोंदवले जाते. काही घरांत नेमके उलटे असते. ख्रिस्ती नाव ऐकताच 'नको, बाटवतील' म्हणून पत्रक बाजूला पडते. दवाखान्यात दोन्ही प्रकारचे पालक भेटतात. दोघांत एक साम्य असते : शिबिर चालवणाऱ्यांना कोणीही काहीही विचारलेले नसते.

उन्हाळी शिबिराची प्रथा रुजवण्यात ख्रिस्ती युवक संघटनेचा, म्हणजे वायएमसीएचा, मोठा वाटा आहे. १८८५ साली समनर डडली या कार्यकर्त्याने न्यूयॉर्क राज्यातील एका तळ्याकाठी मुलांचा तंबू ठोकला, तो या संघटनेच्या शिबिरांचा आरंभ मानतात. मुंबईत ही संघटना १८७५ पासून आहे आणि मावळात निळशीला तिचे शिबिरस्थळ आहे. आरोग्याच्या बाबतीत तर मराठी माणसाने मिशनऱ्यांचे ऋण मानावेच लागेल. मिरजेला डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झाले आणि पुढे वानलेसवाडी हे गावाचे नावच झाले. तेव्हा ख्रिस्ती म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ख्रिस्ती म्हणून चौकशी सोडून देण्याचेही कारण नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान या दुसऱ्या चुकीने होते. देवाच्या कामाला वाहिलेल्या माणसाला 'जीवरक्षक आहे का?' असे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॅम्प मिस्टिक हे मुलींचे ख्रिस्ती शिबिर १९२६ पासून नदीकाठी भरत होते. आजी, आई, नात अशा पिढ्या तिथे जाऊन आल्या होत्या. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वादालूप नदीला पूर आला आणि शिबिरातील मुली व त्यांच्या ताया मिळून २७ जणी गेल्या. आपत्कालीन योजना तयार असल्याची नोंद सरकारी तपासणीत दोनच दिवस आधी झाली होती. सर्वांत लहान मुलींच्या खोल्या नदीच्या बाजूला होत्या. म्हणून योजनेचा कागद बघून थांबू नका. माझे मूल रात्री नेमके कुठे झोपणार, पाणी तिथून किती लांब, आणि रात्री उठवायची वेळ आली तर कोण उठवणार, हे विचारा.

पाण्याबद्दल आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी जास्तच सावध असावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईहून उन्हाळी शिबिराला आलेली तीन मुले मुळशी तालुक्यातील एका धरणाच्या पाण्यात गेली. आपण म्हणतो, ही घाटावरची आणि शहरातली मुले, आमची पोरे समुद्रात वाढलेली. हाच भ्रम घात करतो. मुळात किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला पोहता येते असे नाही. ज्याला येते, त्याची सवय खाऱ्या पाण्याची आणि हळूहळू खोल होत जाणाऱ्या पुळणीची असते. धरणाच्या गोड्या पाण्यात अंग त्यामानाने कमी तरंगते, तळाशी गाळ असतो आणि दोन पावलांवर एकदम खोली लागते. पाण्यात उतरवणार असतील तर जीवरक्षक किती, लाइफ जॅकेट किती, एका वेळी मुले किती, हे आकड्यात विचारावे. 'आमचे सर असतात बरोबर' हे उत्तर मी तरी उत्तर धरणार नाही. साहसी खेळ असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. तिचे प्रमाणपत्र मागावे.

आता रात्रीबद्दल. शिबिरात मुले बहुधा जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, मग पापण्या जड होतात, बोबडी वळते. अशा वेळी पोटदुखीची गोळी देऊन झोपवले तर मूल हातचे जाते. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असली तर हा धोका बराच टळतो. लाल विंचवाचे तर आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तोवर गंभीर विंचूदंशाचे शंभरांतले चाळीसपर्यंत रुग्ण दगावत. आज ते प्रमाण एकावर आले आहे, पण रुग्ण वेळेत पोचला तर. दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे दिसले की मांत्रिकही नको आणि नुसती प्रार्थनाही नको. जवळचे सरकारी रुग्णालय किती अंतरावर आणि रात्री गाडी असते का, हे फोनवर दोन मिनिटांत कळते.

प्रार्थनेचा विषय निघालाच आहे तर औषधांचे बोलू. फीट येणाऱ्या किंवा दमा असणाऱ्या मुलाची औषधे एक दिवसही चुकवायची नसतात. औषधे नाव आणि वेळ लिहून जबाबदार व्यक्तीच्या हाती द्या आणि 'कोणत्याही कारणाने बंद करू नयेत' असे स्पष्ट लिहा. दहा वर्षांचे मूल अंथरूण ओले करत असेल तर तेही आधी सांगावे. आपण लाजून लपवतो आणि चारचौघांत फजिती मुलाची होते. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला पाळीची माहिती आणि पिशवीत पॅड देऊनच पाठवावे.

सर्वांत अवघड विषय माणसांचा. इंग्लंडमध्ये जॉन स्माइथ हा नामांकित वकील ख्रिस्ती शिबिरांतून मुलांशी ओळख वाढवी आणि धर्माच्या नावाखाली त्यांना अमानुष मारहाण करी. पुढे झिंबाब्वेत तो स्वतःच शिबिरे भरवू लागला. त्याने शंभराहून अधिक मुलांचा छळ केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौकशी अहवाल आल्यावर इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावे लागले, कारण २०१३ मध्ये कळूनही पुरेशी कारवाई झाली नव्हती. असे लोक कोणत्याही धर्माच्या आडोशाला बसतात, आश्रमात आणि मदरशातही. एकटे मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत राहणार नाही, असा नियम शिबिरात आहे का? मुलींसाठी रात्री स्त्री कार्यकर्त्या आहेत का? मुलाला घरी फोन करता येतो का? आठवडाभर फोन बंद ठेवणारे शिबिर मला पसंत नाही. घरची आठवण येऊन रडणे हा दोष नव्हे. कुणी नको तिथे हात लावला तर आपल्याला सांग, १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते, हे मुलाला निघण्यापूर्वी सांगा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात धार्मिक संस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेल्या लैंगिक अत्याचाराला अधिक कडक शिक्षा आहे.

धर्माचे म्हणाल, तर दिवसात प्रार्थना आणि बायबल किती वेळ हे सरळ विचारावे. चांगला पाळक सरळच सांगतो. कुटुंबाला पटले तर पाठवा, नाही तर नको. मात्र रात्री उशिरापर्यंत पाप आणि नरकाची वर्णने करून मुलांना रडवण्याचे प्रकार कुठल्याच पंथाने करू नयेत. अशी मुले नंतर महिनोन्महिने झोपेतून दचकतात.

मूल परतल्यावर कपड्यांबरोबर त्याचे अंगही पाहा, आणि प्रश्नांची सरबत्ती न करता त्याला बोलू द्या. कावीळ किंवा विषमज्वर शिबिरातून आणलेला असला तरी दोन-चार आठवड्यांनी उठतो. जूनमध्ये मुलाला ताप आला, तर मे महिन्यात ते कुठे राहिले होते आणि कुठल्या पाण्यात उतरले होते, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.