खोटं दागिन्यात नसतं, चिठ्ठीत असतं

मागच्या शनिवारी शिरढोणला घरी गेलो होतो. (हो, तेच, वासुदेव बळवंत फडक्यांचं.) बायकोने ऑनलाइन मागवलेली ठुशी आईपुढे ठेवली. सोबत चिठ्ठी: 'अस्सल व्हिंटेज, १९४० सालची, नामवंत कारागिराच्या हातची'. सोनं नाही, पितळच, हे विक्रेत्याने कबूल केलेलं. तरी किंमत साडेसहा हजार, कारण 'जुनी'! आईने ती उलटी केली आणि म्हणाली, "अगं, ही तर कालची आहे."

कसं ओळखलं? दागिना समोरून नाही, मागून बघायचा. खरा जुना दागिना झिजतो तो जिथे घासतो तिथेच, म्हणजे मानेकडच्या बाजूला आणि टोकांशी. हिचा काळेपणा मात्र सगळ्या खाचांत एकसारखा भरलेला, आणि मागची बाजू कोरी करकरीत. ऐंशी वर्षं कोणाच्या गळ्याला लागलीच नाही की काय? सगळे मणी साच्यातून काढल्यासारखे, प्रत्येकावर त्याच जागी तीच बारीक रेघ.

घरगुती चाचण्यांवर फार विसंबू नका. लोहचुंबक पितळेलाही चिकटत नाही आणि सोन्यालाही. मोती दातावर घासला तर खरा खरखरीत लागतो, पण कल्चर्ड मोतीसुद्धा तसाच लागतो. कडी नवी असेल तर दुरुस्तीत बदललेली असू शकते. एका पुराव्यावर निकाल देऊ नये, हे आम्हां प्रोग्रामर लोकांना तरी सांगायला नको.

अमेरिकेत हा धंदा जुना आहे. तिथे ट्रायफारी या नकली दागिन्यांच्याच कंपनीने १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला जिंकला आणि अशा डिझाइनलाही कॉपीराइट मिळतो हे ठरलं. त्यानंतर त्यांच्या दागिन्यांवर कॉपीराइटची खूण येऊ लागली. म्हणजे ती खूण असलेला ब्रोच कोणी '१९४०चा' म्हणून विकत असेल, तर तो थाप मारतोय. खुणेमुळे निदान थाप पकडता तरी येते.

आपल्याकडे सोन्याला ती सोय आहे. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण तो शुद्धता सांगतो, वय नाही. आणि पितळेच्या ठुशीला तर तोही नाही. तिथे फक्त विक्रेत्याचा शब्द, आणि तो शब्दच साडेसहा हजाराला विकला जातोय.

"हौसेला मोल नसतं, तुला काय त्रास?" असं मित्र म्हणतात. त्रास सांगतो. १९९८ साली माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आईने सोन्याच्या पाटल्या मोडल्या. तेव्हापासून तिच्या हातात बेंटेक्सच्या आहेत. आतल्या बाजूने पॉलिश उडून तांबूस झाल्यात. कोणी विचारलं तर ती सरळ सांगते, "खोट्या आहेत हो." पंचवीसहून जास्त वर्षांत एकदाही 'सोन्याच्या' म्हणाली नाही.

माझ्या मते त्या पाटल्या अस्सल आहेत. बनावट आहे ती चिठ्ठी.

तेव्हा मंडळी, नकली दागिने खुशाल घ्या, नवे घ्या, स्वस्त घ्या. पण कोणी 'व्हिंटेज' म्हणाला तर साल बिलावर लिहून मागा. हात आखडला की समजा. आमची ठुशी परत घेत नाहीत म्हणे. हरकत नाही, बायको ती घालणार आहे. चिठ्ठी मात्र फाडून टाकली, उद्या कोणी वारसा समजायला नको!