शिट्टी आणि शांतता

‘महोत्सवाचा प्रेक्षक जाणकार, गावातल्या थिएटरचा प्रेक्षक अडाणी’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! २००४ पासून दरवर्षी गोव्यात ‘इफ्फी’ भरतो, २००२ पासून पुण्यात ‘पिफ’ होतो. तिथले प्रेक्षक शांत बसतात, सिनेमा संपल्यावर दिग्दर्शकाला प्रश्न विचारतात, हे खरंच. पण मैत्रिणींनो, तेवढंच खरं नाही.

महोत्सवात एकदा डेलिगेट कार्ड काढलं की त्यावर बरेच सिनेमे बघता येतात. त्यामुळे एखादा नाही रुचला की पंधराव्या मिनिटाला माणसं उठतात आणि अंधारात इतरांच्या पायांवर पाय देत दुसऱ्या पडद्याकडे धावतात. रांगेत हुज्जत, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा अडवणं, सगळं तिथेही चालतं. एसटीत रुमाल टाकावा तसंच! आपण मात्र चौघांच्या तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. कंटाळा आला तरी उठत नाही, फार तर गप्पा मारतो. म्हणजे फरक अकलेचा कमी आणि खिशाचा जास्त.

‘सैराट’चंच बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे लागला. ‘झिंगाट’ला पोरं पडद्यासमोर नाचली, शिट्ट्या वाजल्या. आणि शेवटी पडद्यावरचा आवाजच बंद झाला, तेव्हा तेच थिएटर चिडीचूप झालं. कुठे गप्प व्हायचं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं? २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून, गॉगल लावून घोळक्यांनी गेल्या, हसल्या, रडल्या, नाचल्या. त्याला गोंधळ म्हणायचं का? मला तर ती दादच वाटते.

पण सगळाच आवाज दाद नसतो. पडद्यावरच्या प्रसंगाला शिट्टी वेगळी आणि पुढच्या रांगेतल्या मुलीकडे बघून मारलेली वेगळी. मोबाइलवर मोठ्यानं बोलणं वेगळं आणि तान्हं बाळ रडणं वेगळं. गंमत अशी, की ‘शांतता पाळा’ म्हटलं की पहिली उठून बाहेर जाते ती बाळाची आई. शेरे मारणारा मात्र खुशाल बसून राहतो. मग ‘नकोच ते थिएटर, घरीच टीव्ही बरा’ असं म्हणत बाईच घरी बसते. खरं नुकसान हे आहे.

तेव्हा महोत्सवाकडून एक गोष्ट जरूर घ्यावी: सिनेमा संपल्यावर त्याच्यावर बोलायची सवय. भिशीत, हळदीकुंकवाला एखाद्या सिनेमावर अर्धा तास बोलायला काय हरकत आहे? आणि थिएटरात कुणी त्रास दिला तर आपण जागा बदलू नये. चौघीजणींनी मिळून मॅनेजरला बोलवावं. तिकीट आपणही काढलेलं असतं ना!