फिरण्याचा खर्च उधळपट्टीत मोडतो का?

आपल्या घरांच्या जमाखर्चात काही कप्पे ठरलेले असतात. किराणा, घरभाडं किंवा घराचा हप्ता, शाळेची फी, अरबी शिकवायला येणाऱ्या आपांचे पैसे, दवाखाना, रमजान-ईद आणि नातेवाइकांची लग्नं. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडे जकातीचा आणि उमराहसाठी साठवायचा कप्पाही असतो. पण ‘फिरणं’ नावाचा कप्पा मी फार कमी घरांत पाहिला आहे. प्रवास होत नाही असं नाही. शादीला जातो, मय्यतीला जातो, पेशंटला मोठ्या दवाखान्यात घेऊन जातो, अजमेर किंवा गुलबर्ग्याला जियारतीला जातो. मात्र केवळ एखादं शहर बघायचं, म्हणून मुलाबाळांना घेऊन बाहेर पडायचं, हा विचार काढला की घरातलं मोठं माणूस विचारतं, “पैसे जास्त झालेत का?”

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं असं मला वाटतं.

मी कात्रजला राहतो. आमचा भाग पाहुण्यांना नवा नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली इथं सर्पोद्यान सुरू केलं. पुढे १९९९मध्ये राजीव गांधी प्राणी संग्रहालय उभं राहिलं आणि पेशवे पार्कातले प्राणी इकडे आले. सुट्ट्यांमध्ये साताऱ्याकडून, भोर-वेल्ह्याकडून, पुण्याच्या पेठांमधून आणि शेजारच्या कोंढव्यातून माणसं इथं येतात. त्या गर्दीत बुरखेवाल्या बायका असतात, नऊवारीतल्या आज्या असतात. फाटकावर तिकीट काढेपर्यंत सगळ्यांचे चेहरे खुललेले असतात. ओढाताण सुरू होते ती नंतर. आतल्या बॅटरीच्या गाडीचं तिकीट वेगळं, मग पाण्याची बाटली, आइस्क्रीम, बाहेर फुगेवाला. मूल मागतं, बाप ‘नको’ म्हणतो. दुपारपर्यंत बाप सगळ्यांवर डाफरत असतो, आई मुलांना गप्प करत असते आणि वाघाच्या पिंजऱ्यासमोर कुणी कुणाशी बोलत नाही.

हा बाप कंजूष नसतो. त्याने तिकिटाचा हिशेब केलेला असतो, हातखर्चाचा केलेला नसतो. खिशातल्या पैशांतून घरी परतायचं भाडंही द्यायचं आहे आणि उद्याचा किराणाही आणायचा आहे, हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे प्रत्येक वीस रुपये घरखर्चातून चोरल्यासारखे वाटतात. सहलीसाठी वेगळे काढलेले पैसे आणि किराण्याचे पैसे एकाच खिशात असले की सहलीची मजा राहत नाही. शहर मोठं असलं, मुंबई किंवा दिल्ली असली, तर ही अडचण कितीतरी पटीने वाढते. मोठ्या शहरात दर तासाला पाकीट उघडावं लागतं.

घरातल्या मोठ्या माणसांचा आक्षेप धार्मिकही असतो. फिरणं म्हणजे इसराफ, उधळपट्टी. पण इसराफ म्हणजे काय हे कुरआनने मोघम ठेवलेलं नाही. खर्च करताना उधळू नका आणि हातही आखडू नका, मधला मार्ग धरा, अशी ती शिकवण आहे. आपण तिचा पहिला अर्धा भाग मुलांना ऐकवतो, दुसरा विसरतो. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असंही कुरआन वारंवार सांगतो. इब्न बतूता १३२५ साली हजसाठी म्हणून टॅंजियरहून निघाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. हज करून तो थांबला नाही. तो दिल्लीला आला, आपल्या दौलताबादलाही आला आणि इथल्या लोकांविषयी लिहून गेला. इबादतीसाठी केलेला प्रवास आणि जग पाहण्यासाठी केलेला प्रवास यांत त्याला विरोध दिसला नाही. तो आपल्यालाच का दिसावा?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. हातावर पोट असलेल्या माणसाने फिरायचं कशाला? गॅरेजवाला, बेकरीतला कामगार, रिक्षावाला, फळांची गाडी लावणारा यांना भरपगारी रजा नाही. एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बुडाली. सरकारी नोकराला प्रवासाची सवलत आणि रजा मिळते, यांना दोन्ही नाही. पण म्हणून सुट्टीचा हक्क त्यांचा नाही असं म्हणणं महाराष्ट्रात तरी शोभत नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. ती काही साहेबांसाठी नव्हती. राबणाऱ्या माणसाला स्वतःसाठी, घरासाठी आणि समाजासाठी एक दिवस हवा, हा त्यामागचा विचार होता. त्या दिवसाचं आपण काय करतो, हा पुढचा प्रश्न.

आता पैशांकडे येऊ. ‘पैसे नाहीत’ हे आपल्यातल्या पुष्कळ घरांबाबत खरं आहे. ज्या घरात फी थकली आहे, औषध उधारीवर आहे, त्यांना मी सहलीचा सल्ला देणार नाही. कर्ज काढून फिरणं तर मला अजिबात मान्य नाही. हप्त्यावर परदेशवारी करून त्याचे फोटो टाकणाऱ्यांनी ‘फिरणं’ या शब्दाला बदनाम केलं आहे. पण ज्या घरात एका लग्नासाठी काही लाख उभे राहतात, एका संध्याकाळच्या मंडपावर, लाइटिंगवर आणि बिर्याणीच्या डेगांवर वर्षांची बचत जाते, त्या घरात मुलांना मुंबई दाखवायला दहा-बारा हजार निघत नाहीत, हे मला पटत नाही. लग्नातल्या खर्चाला चार लोकांची शाबासकी मिळते. मुलीने वस्तुसंग्रहालयात दोन तास घालवले त्याला कुणी शाबासकी देत नाही. इसराफ कुठे होतो ते इथं तपासायला हवं.

पैसे साठवायची रीत आपल्या बायकांना चांगली माहीत आहे. गल्लोगल्ली बीसी चालते, भिशी चालते. त्यातून फ्रीज येतो, मुलीच्या कानातलं होतं, पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलले जातात. मलेशियात उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने पाहिलं की गावचे मुसलमान हजसाठी आयुष्यभर घरात पैसे लपवून ठेवतात, जमीन आणि गुरं विकतात आणि हजहून आल्यावर कंगाल होतात. त्यांच्या सूचनेतून १९६०च्या दशकात थोडे थोडे पैसे जमा करण्याची संस्था उभी राहिली, ती आज ‘तबुंग हाजी’ म्हणून ओळखली जाते. मोठ्या प्रवासाला जे लागू पडलं ते छोट्या प्रवासालाही पडेल. बीसीत महिन्याला हजार रुपये फिरण्याच्या नावाने टाकले तर वर्षाला बारा हजार होतात.

या बारा हजारांत चौघांनी दोन दिवस मुंबई कशी पाहावी? मी हिशेब असा मांडतो: प्रवासाला अडीच हजार, एका रात्रीच्या खोलीला अडीच, जेवणखाणाला तीन, हातखर्चाला अडीच आणि दीड हजार राखीव. आकडे ज्याचे त्याने बदलावेत, कप्पे मात्र मोडू नयेत. राखीव रकमेला शेवटच्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. मूल आजारी पडलं, गाडी चुकली, तर ती कामी येते. नाही लागली तर पुढच्या वर्षीच्या सहलीची सुरुवात तिथूनच होते.

प्रवासात बचत कुठे होते तेही पाहावं. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं. म्हणजे नवरा, बायको आणि या वयाची दोन मुलं यांना चार नव्हे, अडीच तिकिटांचे पैसे पडतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दादीला तर काहीच नाही. मग ‘दादीला कुठे नेता’ म्हणून तिला घरी ठेवायचं कारण उरत नाही. मुंबईत गेटवे, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटीची इमारत बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत. भायखळ्याच्या राणीच्या बागेचं तिकीट २०१७ साली वाढवताना महापालिकेने आई-वडील आणि दोन मुलांसाठी मिळून शंभर रुपये असा वेगळा दर ठेवला होता. असे दर निघण्याआधी चौकशी करून कागदावर लिहून घ्यावेत. सुट्टीचे वारही लिहावेत. राणीची बाग आणि आमचं कात्रजचं संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, घारापुरीची लेणी सोमवारी. घारापुरीला लेण्यांच्या तिकिटापेक्षा बोटीचा खर्च कितीतरी जास्त आहे, हे बंदरावर उभं राहून कळलं तर हिशेब कोलमडतो.

इथं एका खर्चाबद्दल बोलायला हवं, जो आपण खर्चात धरतच नाही. मुंबईला गेलो की आपण कुर्ल्याला, मुंब्र्याला किंवा भिवंडीला नातेवाइकांकडे उतरतो. खोलीचे पैसे वाचले, असं आपण मानतो. पण रिकाम्या हाताने जाता येत नाही. मिठाई लागते, फळं लागतात, निघताना त्यांच्या मुलांच्या हातावर काही ठेवावं लागतं. एका घरी उतरलो तर बाकीच्या दोन घरी भेट द्यावी लागते, नाहीतर रुसवे होतात. एक दिवस त्यातच जातो. आणि ज्या बाईला वर्षातून दोन दिवस चुलीपासून सुटका हवी होती, ती तिथंही ओटा सांभाळते. नाती जपावीत, जरूर जावं. पण त्याला मेहमानी म्हणावं. मेहमानी आणि शहर पाहणं एकाच दोन दिवसांत उरकायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

हातखर्चाच्या अडीच हजारांबाबत माझा आग्रह आहे की ते निघण्यापूर्वीच वाटून टाकावेत. दोन्ही मुलांना तीनशे-तीनशे, आईला हजार, बापाला नऊशे. आईच्या हातात हजार रुपये आले की तिला चहासाठीसुद्धा नवऱ्याकडे पाहावं लागत नाही. मुलाने तीनशे रुपये पहिल्याच तासात खेळण्यावर उडवले तरी रागवू नये. दुसऱ्या दिवशी कुल्फीवाला दिसला की त्याला हिशेब आपोआप कळतो. बापालाही दर पाच मिनिटांनी ‘नको’ म्हणण्यातून मोकळीक मिळते. पैशाविषयी मुलांशी बोलायची आपल्याकडे सवय नाही. सहलीत ती सहज लागू शकते.

मुंबईचाही खर्च जड वाटत असेल तर आधी पुण्यापासून सुरुवात करावी. पीएमपीचा दिवसाचा पास २०२५च्या जूनमध्ये चाळीसवरून सत्तर रुपये झाला. वाढ जड आहे, तरी त्यात दिवसभर हवं तितकं फिरता येतं. स्वारगेटहून मेट्रो आहे, शनिवार-रविवारी तिच्या भाड्यात तीस टक्के सूट आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस मुलांसाठी मोफत आहेत. कात्रजच्या तलावातून अठराव्या शतकात बांधलेल्या नळांनी शनिवारवाड्यापर्यंत पाणी जायचं, हे आमच्याच भागातल्या किती मुलांना माहीत आहे? आगाखान पॅलेस तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी १८९२मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून उभारला आणि त्याच वास्तूत गांधीजी कैदेत असताना महादेवभाई आणि कस्तुरबा गेले, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या खोल्यांसमोर उभं राहणं वेगळं.

माझ्या मते खरा तोटा इथं आहे. आपली मुलं वस्तीत जन्मतात, वस्तीतल्या शाळेत जातात, वस्तीतच कामाला लागतात. मुलींच्या बाबतीत तर घर, शाळा आणि सासर एवढाच नकाशा असतो. शहरातली मोठी इमारत, बाग, संग्रहालय ही ‘त्यांची’ ठिकाणं आहेत असं त्यांना वाटू लागतं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या रचनेवर विजापूरच्या गोल घुमटाची छाप आहे, हे तिथल्या घुमटाखाली उभं राहून ऐकणाऱ्या मुलीला त्या इमारतीत परकं वाटणार नाही. २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याची वाट बायकांना पुन्हा खुली झाली. ती वाट न्यायालयाने उघडली, पण तिथवर पोचायचं भाडं घरातूनच निघायला हवं.

समाज मागे का, यावर आपण सभा घेतो, अहवाल वाचतो, सरकारला दोष देतो. ते करायलाच हवं. त्याबरोबर घरातल्या वहीत एक कप्पा वाढवणं आपल्या हातात आहे. या महिन्याची बीसी भरताना बायकांनी एकमेकींना विचारावं, यातले थोडे पैसे फिरण्यासाठी ठेवायचे का? आणि कुठे जायचं हे ठरवताना एकदा मुलींना विचारावं.