रंगवलेलं विमान आणि उडालेलं विमान

२६ मे २०२३ रोजी नायजेरियाची राजधानी अबुजाच्या विमानतळावर एक विमान उतरलं. त्यावर ‘नायजेरिया एअर’ असं नाव होतं. मुहम्मदू बुहारी सरकारचे शेवटचे तीन दिवस उरले होते. राष्ट्रीय विमान कंपनीचं जुनं वचन पूर्ण झाल्याचा गाजावाजा झाला. पण विमान होतं इथिओपियन एअरलाइन्सचं. रंग देऊन आणलं, दाखवलं आणि परत पाठवलं. ऑगस्टमध्ये नव्या सरकारचे मंत्री फेस्टस कियामो यांनी ती योजनाच थांबवली.

त्यानंतर दहा महिन्यांनी, ३० मार्च २०२४ रोजी, लागोसहून लंडनच्या गॅटविककडे एक विमान निघालं. ते सरकारी नव्हतं. अ‍ॅलन ओन्येमा या वकील-उद्योजकाने स्थापन केलेल्या ‘एअर पीस’ या खासगी कंपनीचं होतं. २०१४ साली देशांतर्गत उड्डाणांपासून तिने सुरुवात केली होती.

या उड्डाणाचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागतं. १९५८ साली सुरू झालेली सरकारी नायजेरिया एअरवेज २००३ मध्ये कर्जात बुडून बंद पडली. नंतर व्हर्जिन नायजेरिया, अरिक, मेडव्ह्यू या कंपन्या लंडनला जाऊन आल्या आणि एकेक करून मागे हटल्या. थेट प्रवासासाठी उरल्या दोन ब्रिटिश कंपन्या. त्यात डॉलरची टंचाई आली. परदेशी कंपन्या तिकिटं नायरात विकत, पण ते पैसे डॉलरमध्ये बदलून मायदेशी नेता येत नव्हते. जून २०२३ पर्यंत अशी अडकलेली रक्कम ८१ कोटी डॉलरवर गेली होती. एमिरेट्सने तर २०२२ मध्ये सेवाच थांबवली. बाकीच्यांनी भाडं वाढवलं. म्हणजे भांडण सरकार आणि कंपन्यांचं, भुर्दंड मात्र लंडनमध्ये राबणाऱ्या नर्सला आणि कर्ज काढून शिकायला गेलेल्या पोराला.

आखातात माणसं असलेल्या कोकणातल्या घरांना हे गणित समजावून सांगायला नको. ईदच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तिकिटाचे दर बघून घरी यायचं की नाही ते ठरतं. भाडं हा नुसता आकडा नसतो. बापाच्या मयतीला पोहोचता येईल की नाही, याचं ते उत्तर असतं.

एअर पीसने इकॉनॉमीचं परतीचं तिकीट १२ लाख नायरांपासून ठेवलं. स्पर्धक त्याहून कितीतरी जास्त घेत होते. त्यांनाही दर खाली आणावे लागले. एका घरच्या कंपनीने वर्षानुवर्षांची मक्तेदारी हलवली, हे मान्य करायला हवं.

कंपनीच्या खात्यावर आणखीही काही जमा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत परदेशी आफ्रिकींची दुकानं जाळली जात होती, तेव्हा तिने शेकडो नायजेरियनांना फुकट मायदेशी आणलं. तिच्या विमानांतून हाजीही जातात. विमानात बसणारा मालकाचा धर्म विचारत नाही आणि मालक प्रवाशाचा. धर्मावरून इतकं रक्त सांडलेल्या देशात ही साधी गोष्टही मोलाची आहे.

पण इथेच सावध व्हायला हवं. एखाद्या धनवानाने उपकार केले की आपण त्याला हिशेब विचारणं सोडून देतो. २०१९ मध्येच अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी ओन्येमांवर बँक फसवणुकीचे आरोप ठेवले. त्यांनी ते नाकारले आहेत. खरंखोटं न्यायालय ठरवेल. टाळ्या किंवा शिव्या नव्हे. २०२४ च्या अखेरीस नायजेरियाच्या ग्राहक संरक्षण आयोगाने देशांतर्गत मार्गांवरच्या चढ्या भाड्याबद्दल याच कंपनीची चौकशी सुरू केली. लंडनच्या मार्गावर मक्तेदारीविरुद्ध लढणाऱ्या कंपनीवर घरच्या बाजारात जास्त भाडं घेतल्याचा आरोप झाला. जुलै २०२५ मध्ये पोर्ट हार्कोर्टला तिचं विमान धावपट्टीवरून पुढे गेलं. १०३ जण सुखरूप उतरले. विमान उशिरा सुटण्याच्या तक्रारी तर रोजच्याच.

कंपनीची बाजूही खरी आहे. विमानाचं भाडं, सुटे भाग, विमा डॉलरमध्ये, कमाई नायरात. २०२४ च्या शेवटी मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २७.५ टक्के होता. इतक्या व्याजाचं कर्ज घेऊन युरोपीय कंपनीशी स्पर्धा करणं सोपं नाही. म्हणूनच सरकारचं काम कोणतं, हा खरा प्रश्न आहे.

विमान रंगवणं हे सरकारचं काम नव्हे. परक्या विमानतळावर आपल्या कंपनीला उतरायची रास्त वेळ मिळवून देणं, चलन खेळतं ठेवणं, सुरक्षेचा तपास मालकाकडे न बघता करणं आणि एकाच्या जागी तीन-चार कंपन्या उभ्या राहतील असे नियम करणं, हे त्याचं काम. एअर पीसचं यश नायजेरियाने जरूर साजरं करावं. पण प्रवाशाचा हक्क एका मालकाच्या दानतीवर सोडू नये. दानत आज असते, उद्या नसते. हक्काला नियमांचा आणि स्पर्धेचा आधार लागतो.