नंदुरबारहून दुबई, न्यूयॉर्कला फोन : घड्याळ बरोबर, तरी ऑफिस बंद का?

नंदुरबारच्या व्यापाऱ्याला लाल मिरचीचा नमुना दुबईच्या खरेदीदाराला पाठवायचा आहे. शहाद्यातल्या इंजिनीअर तरुणीची अमेरिकी कंपनीत ऑनलाइन मुलाखत आहे. दोघेही आधी मोबाइलमधले 'वर्ल्ड क्लॉक' उघडतात. तिकडे किती वाजले, हे ते क्षणात सांगते. पण दोघांना हवे असते ते वेगळेच : तिकडचे ऑफिस आत्ता सुरू आहे का?

दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे, आणि ते वर्षभर तसेच राहते. गोंधळ होतो तो सुट्टीत. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार केली. शुक्रवारी ही कार्यालये दुपारी १२ वाजता बंद होतात, म्हणजे आपल्याकडे दीड वाजता. जेवण आटोपून कागदपत्रांसाठी फोन लावला, तर उत्तर थेट सोमवारी. सौदी अरेबियात मात्र अजूनही शुक्रवार-शनिवारच सुट्टी आहे. रविवारी रियाधचे ऑफिस चालू आणि दुबईचे बंद. रमजानमध्ये कामाचे तास आणखी कमी होतात.

यासाठी 'मीटिंग प्लॅनर' प्रकारची मोफत साधने मिळतात. दोन शहरांची नावे टाकली की २४ तासांच्या दोन पट्ट्या एकाखाली एक दिसतात, कामाचे तास वेगळ्या रंगात. बहुतेक साधने सोमवार ते शुक्रवार, ९ ते ५ असे गृहीत धरतात. तो निव्वळ अंदाज असतो. समोरच्या ऑफिसची खरी वेळ आणि सुट्टीचे वार एकदा विचारून स्वतः भरले नाहीत, तर हिरवी पट्टी फसवते.

अमेरिकेची वेळ का सरकते?

वेळ सूर्यापेक्षा सरकार जास्त ठरवते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची; नंदुरबार साधारण ७४.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, त्यामुळे नंदुरबारचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटे मागे असतो. आपण ते कधीच विसरून गेलो. अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा घड्याळ हलते : मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते उन्हाळ्यात, हिवाळ्यात साडेदहा. युरोप हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. मधल्या दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले नेहमीचे अंतरही चुकते.

म्हणून 'साडेनऊ तास' असा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. साधनात शहराचे नाव टाकावे. 'ईएसटी'सारख्या आद्याक्षरांवर तर अजिबात विसंबू नये. जुलैत कोणी 'दुपारी ३ ईएसटी' लिहिले, तर त्याला बहुधा न्यूयॉर्कची तेव्हाची वेळ, म्हणजे आपल्याकडचे रात्री १२.३० अभिप्रेत असते. अक्षरशः अर्थ घेतला तर १.३० होतात. आपली 'आयएसटी' तरी कुठे एकटी आहे? आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची प्रमाणवेळही त्याच तीन अक्षरांनी लिहितात.

आणखी एक घोटाळा आपल्या बोलण्यातला. न्यूयॉर्कमधली शुक्रवार दुपारी ३ ची मुलाखत आपण 'शुक्रवारी रात्री साडेबारा' म्हणतो. कॅलेंडरच्या लेखी तो शनिवार असतो. तारीख शुक्रवारची टाकली, तर आठवण अख्खा दिवस आधी वाजते. त्या रात्री समोर कोणीच नसते आणि दुसऱ्या रात्री उमेदवार झोपलेली असते.

न्यूयॉर्कचे ९ ते ५ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७.३० ते पहाटे ३.३०. इथल्या १० ते ६ शी त्याचा एकही तास जुळत नाही. कोणाला तरी जागावे लागते, आणि नोकरी मागणाराच जागणार हे न बोलताच ठरून जाते. इथे हे साधन खरे उपयोगी पडावे. तिथले सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच किंवा साडेसहा. दोन्ही शहरांच्या पट्ट्यांचा स्क्रीनशॉट जोडून ही वेळ सुचवण्यात कमीपणा कसला? कंपनीने नाही म्हटले तर नाही. पण विचारायलाच हवे.

धडगावच्या डोंगरात रेंज गेली, तरी मोबाइलमधले जागतिक घड्याळ चालते, कारण प्रत्येक ठिकाणच्या वेळेचे नियम फोनमध्येच साठवलेले असतात. अडचण जुन्या फोनची. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत घड्याळ हलवणे बंद केले. इजिप्तने २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू केले. ज्या फोनला त्याआधीपासून अपडेट मिळालेले नाही, तो कैरोची उन्हाळी वेळ अजूनही एक तास मागे दाखवू शकतो. अशा फोनवर परदेशातली वेळ पाहून मुलाखत किंवा सौद्याचा फोन ठरवण्यापूर्वी ती ब्राउझरमध्ये एकदा पडताळून घ्यावी.