शिदोरीत काय न्याल?



गेल्या शनिवारी शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, तरी सातवीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी घुटमळत उभी होती. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. आपल्या देशातली काही मुलं वर्षभर अमेरिकेतल्या हायस्कुलात शिकून येतात, अशी बातमी तिनं वाचली होती.

"मॅडम, असं खरंच जाता येतं? आणि तिथं राहायचं कोणाकडं?" थोडं थांबून ती हळूच म्हणाली, "माले इंग्रजी येत नही नीट. मी तिथं काय बोलणार?"

प्रश्न तिचे असले तरी ते तुमच्याही मनात असतील. म्हणून आज उत्तरं सगळ्यांनाच सांगते.

जाता येतं का? येतं. अशा मुलांना 'एक्स्चेंज स्टुडंट' म्हणतात, म्हणजे अदलाबदलीचे विद्यार्थी. याची सुरुवात कशी झाली, ते ऐका. पहिल्या महायुद्धात काही अमेरिकन तरुण फ्रान्समध्ये जखमी सैनिकांसाठी रुग्णवाहिका चालवत. 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' हे त्यांच्या संस्थेचं नाव. दुसऱ्या महायुद्धातही संस्थेनं हेच काम केलं. ते युद्ध संपल्यावर या लोकांना वाटलं, जखमींना उचलत राहण्यापेक्षा माणसं एकमेकांना जखमी करणारच नाहीत, असं काही करता आलं तर? आणि त्यांनी शाळकरी मुलांना हाक दिली. १९४७ साली दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकेत शिकायला आली.

पुढे २००१ साली न्यूयॉर्कच्या दोन उंच मनोऱ्यांवर विमानं आदळवून अतिरेक्यांनी हजारो माणसं मारली. त्यानंतर, २००२ साली, अमेरिकेनं 'येस' नावाची शिष्यवृत्ती योजना काढली. तिच्यातून भारतातलीही मुलंमुली तिकडच्या हायस्कुलात शिकून आली. बघा हं, दोन्ही वेळा मोठी माणसं लढून थकली आणि मदतीला बोलावलं ते मुलांना!

अमेरिकेत जाणाऱ्या अशा मुलाचं वय १५ ते साडेअठरा वर्षांच्या दरम्यान असावं लागतं. म्हणजे सातवीतल्यांना अजून वेळ आहे! तिकडच्या हायस्कुलात तास संपला की शिक्षक वर्ग बदलत नाहीत, मुलंच दप्तर उचलून दुसऱ्या खोलीत जातात. सगळ्यांचं वेळापत्रकही एकसारखं नसतं. त्यामुळे 'माझा वर्ग, माझा बाक' असं काही उरत नाही. नव्या मुलाला सुरुवातीला भारी चुकल्यासारखं होतं.

आता दुसरा प्रश्न. राहायचं कुठं? हॉटेलात नाही, बहुतेक वेळा वसतिगृहातही नाही. तिथलं एक कुटुंब तुम्हाला घरी ठेवून घेतं. अमेरिकेत या कुटुंबांना त्याचे पैसेही मिळत नाहीत. तुम्ही पाहुणे नसता, घरचेच असता. म्हणजे भांडी विसळायची, अंगण झाडायचं आणि उशीर होणार असेल तर सांगूनच जायचं.

परक्या घरी असं राहता येईल का? आपल्याच एका मुलीची गोष्ट सांगते. १८८० साली अमेरिकेतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडं नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथलं एक मासिक चाळताना त्यांना गोपाळराव जोशी यांचं पत्र दिसलं. पत्नीला शिकवायचं आहे, असं त्यात होतं. कार्पेंटरबाईंनी त्या पत्नीला, म्हणजे आनंदीबाईंना, पत्र पाठवलं. पत्रं येत-जात राहिली, आणि एकमेकींना न बघताच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा वय अवघं अठरा. त्या राहिल्या या मावशीकडेच. पुढे त्या शिकल्या हायस्कुलात नव्हे, तर वैद्यकीय महाविद्यालयात, आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण क्षयानं त्यांना गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवली गेली, आणि कार्पेंटरबाईंनी ती आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवली. परक्या घराशी नातं जुळतं ते इतकं!

राहिला तिसरा प्रश्न. मी तिथं काय बोलणार? या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं नाही. तिला कागद दिला आणि म्हटलं, "अदलाबदल म्हणजे घ्यायचं तसं द्यायचंही. तू तिथं गेलीस आणि त्या घरच्या आजीनं विचारलं, बाळ, तुझं गाव कसं आहे गं? तर काय सांगशील? मराठीतच लिही."

तिनं लिहिलं, 'साक्री तालुक्याचं गाव आहे. कान नदी आहे.' आणि पेन्सिल थांबली.

मी विचारलं, "कानबाई बसवतात तेव्हा रोट का करतात? ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या का उभारल्या? भामेरचा किल्ला बघितलास? कळण्याच्या भाकरीत काय काय असतं?"

"भाकरी तर रोज खाते मी," ती म्हणाली, आणि ओशाळून हसली.

सोमवारी ती चार पानं भरून घेऊन आली. कळण्यात ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळतात, हे तिला आजीनं सांगितलं होतं. रोटाबद्दल तर आजी तासभर बोलली म्हणे. "मॅडम, आजी एवढं बोलते हे मला माहीतच नव्हतं!"

मुलांनो, इंग्रजी शिकता येतं. मेहनत लागते, पण येतं. मात्र सांगायला काही नसेल, तर चांगलं इंग्रजी येऊनही माणूस गप्पच बसेल. प्रवासाला निघताना आपण शिदोरी बांधतो ना? ती रिकामी नको.

खरं सांगायचं तर अशा जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ असतात. सगळ्यांना जाता येणार नाही. पण आपल्या वर्गात बघा. ऊसतोडीला गेलेली घरं परत येतात, तेव्हा वर्षाच्या मधेच कुणीतरी येऊन शेवटच्या बाकावर बसतं. डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या कुणाची घरची बोली कोकणी असते, कुणाची भिली. त्यांनाही चुकल्यासारखं होतं. त्यांच्याशी कोण बोलतं? पाहुणा व्हायच्या आधी यजमान व्हायला शिकूया.

पालकहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. कुणी 'मुलाला परदेशी शाळेत पाठवतो' म्हणालं, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. ज्या घरी मूल राहणार, त्या घराची तपासणी कोणी केली? महिन्यातून एकदा तरी मुलाची चौकशी कोण करणार? विम्याचं काय? आणि ते वर्ष आपल्या बोर्डात धरलं जाणार की मूल एक इयत्ता मागं राहणार? हे शेवटचं मुख्याध्यापकांकडून आधीच समजून घ्या.

आता या आठवड्याचा गृहपाठ. 'परदेशातल्या आजीला माझं गाव' या विषयावर एक पान लिहा. आणि ते लिहिण्याआधी घरातल्या आजीजवळ तासभर बसा.

तुमच्या मॅडम